न पाहिलेल्या लढतींचे लेखन : मुष्टियुद्ध आणि त्याचे वृत्तान्तकार

इंग्रजी भाषेतील क्रीडालेखनात मुष्टियुद्धाला जे स्थान मिळाले आहे, ते त्या खेळाच्या प्रसाराशी किंवा प्रतिष्ठेशी मुळीच जुळत नाही. क्रिकेट, फुटबॉल किंवा बेसबॉल खेळणाऱ्यांची आणि पाहणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. मुष्टियुद्ध मात्र इंग्लंड-अमेरिकेत दीर्घकाळ कायद्याची नजर चुकवत चालले, सट्टेबाजीने आणि ठरवून हरण्याच्या प्रकारांनी बदनाम झाले आणि आजही त्यावर बंदी घालण्याची मागणी अधूनमधून होत असते. तरीही विल्यम हॅझलिट, जॅक लंडन, रिचर्ड राइट, ए. जे. लीबलिंग, जेम्स बाल्डविन, नॉर्मन मेलर आणि जॉइस कॅरल ओट्स अशा सर्वस्वी भिन्न प्रकृतीच्या लेखकांना या खेळाने लिहिते केले. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, दोन माणसे समोरासमोर उभी ठाकतात, एक जिंकतो, दुसरा कोसळतो, म्हणजे नाट्य तयारच असते. परंतु कुस्तीतही दोनच मल्ल असतात आणि टेनिसमध्येही दोनच खेळाडू, तेव्हा एवढ्या स्पष्टीकरणावर भागत नाही. या लेखनाचा इतिहास पाहिला असता दुसरे एक कारण अधिक पटते : मुष्टियुद्धाचे लेखन मुळात लढत पाहू न शकलेल्या वाचकासाठी जन्माला आले, आणि लढत पाहण्याची नवनवी साधने जसजशी वाचकाच्या हाती आली, तसतसे त्या लेखनाला प्रत्येक वेळी साधनाच्या आवाक्याबाहेर उरलेले काहीतरी शोधावे लागले. त्याच्या आकर्षणाचे मूळ या शोधात आहे.

मुष्टियुद्धाचे वर्णन ग्रीक आणि लॅटिन काव्यात फार पूर्वीपासून आढळते. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळी झालेल्या खेळांत एपियस आणि युरिॲलस यांची लढत आहे, तर ‘इनीड’च्या पाचव्या सर्गात व्हर्जिलने तरुण डारीझ आणि वृद्ध एंटेलस यांना एकमेकांसमोर उभे केले आहे; ऑलिंपिक खेळांत इ. स. पू. ४६४ मध्ये मुष्टियुद्ध जिंकणाऱ्या ऱ्होड्सच्या डायागोरसवर पिंडरने स्तोत्र रचले. मात्र या सर्व रचनांचा हेतू गौरवाचा किंवा कथेतील प्रसंग खुलवण्याचा होता. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी प्रत्यक्षात काय घडले ते वाचकाला कळवावे, ही वृत्तान्ताची गरज निर्माण व्हायला अठराव्या शतकातील इंग्लंड, तिथली छापील वृत्तपत्रे आणि तिथली जुगाराची हौस यांचा संगम व्हावा लागला.

त्या काळातील लढतींना ‘प्राइझफाइट’, म्हणजे बक्षिसाच्या ठरावीक रकमेसाठी उघड्या मुठींनी केलेली लढत, असे म्हणत. जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याने १७४३ मध्ये आपल्या लंडनमधील आखाड्यासाठी पहिले लिखित नियम केले : पडलेल्या माणसाला मारायचे नाही, आणि पडल्यानंतर अर्ध्या मिनिटात त्याने रिंगणाच्या मध्यभागी आखलेल्या चौकोनाशी येऊन उभे राहिले पाहिजे, न आल्यास तो हरला. फेरी ठरावीक मिनिटांची नसे; कोणीतरी कोसळला की फेरी संपे, त्यामुळे एखादी फेरी काही सेकंदांत आटपे, तर एखादी बराच वेळ लांबे. कॅप्टन जॉन गॉडफ्री याने १७४७ मध्ये स्वसंरक्षणाच्या विद्येवर लिहिलेल्या ग्रंथात तत्कालीन योद्ध्यांची शब्दचित्रे दिली आणि या विषयावरील गद्याचा पाया घातला. पुढे १७५० मध्ये ब्रॉटन अनपेक्षितपणे हरला, त्याच्यावर मोठी पैज लावणाऱ्या ड्यूक ऑफ कंबरलँडचे पैसे बुडाले, ब्रॉटनचा आखाडा बंद पडला आणि मुष्टियुद्धाला असलेला राजाश्रयही ओसरला. लढती हा सार्वजनिक शांततेचा भंग मानला जाऊ लागल्याने त्या शहरापासून दूर, माळावर किंवा दोन परगण्यांच्या सीमेवर भरवल्या जात, म्हणजे एका परगण्याचा दंडाधिकारी आला की गर्दीला पलीकडे सरकता येई, आणि ठिकाण अखेरच्या घटकेपर्यंत गुप्त ठेवले जाई. पैजा लावणारे हजारो, आणि त्यांतील बहुतेक लढतीच्या ठिकाणापासून कोसो दूर, अशी स्थिती झाल्याने विश्वासार्ह वृत्तान्ताला किंमत आली.

ही किंमत ज्याने पुरेपूर ओळखली तो पिअर्स ईगन (१७७२–१८४९) छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करत वर आलेला पत्रकार होता. त्याच्या ‘बॉक्सियाना’ या ग्रंथाचा पहिला खंड १८१३ मध्ये आला आणि पुढचे खंड १८२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत येत राहिले. त्यांत योद्ध्यांची चरित्रे, वंशावळीसारखी लावलेली विजेत्यांची परंपरा आणि फेरीगणिक दिलेले लढतींचे तपशील आहेत. मुष्टियुद्धाच्या शौकिनांना त्या वेळी ‘फॅन्सी’ म्हणत. या मंडळींत सरदार होते, तसेच खाटीक, कोळसेवाले आणि खिसेकापूही होते, आणि त्यांची एक खास बोली होती. रक्ताला त्या बोलीत तांबड्या मद्याचे नाव असे, तर डोळे, नाक आणि पोट यांना निरनिराळी विनोदी नावे असत. ईगनने ही बोली उचलून छापील गद्यात आणली, आणि सरदाराच्या वाचनालयात व दारूच्या गुत्त्यात एकच मजकूर चवीने वाचला जाऊ लागला. या शैलीचा परिणाम दुहेरी होता. तिने वाचकाला आपण आतल्या वर्तुळातले आहोत असे सुख दिले, आणि त्याच वेळी फुटलेल्या ओठांना व बंद झालेल्या डोळ्यांना गमतीची नावे देऊन वेदना नजरेआड केली. मुष्टियुद्धाच्या लेखनात पुढे दोन शतके चालत आलेला पेच, म्हणजे आस्वाद घ्यायचा की साक्ष द्यायची हा प्रश्न, ईगनच्या या विनोदी बोलीतच प्रथम दडलेला दिसतो.

ईगनच्या पिढीला सर्वांत मोठा विषय मिळाला तो टॉम क्रिब आणि टॉम मॉलिनो यांच्या दोन लढतींचा. मॉलिनो हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय योद्धा. तो पूर्वी गुलाम होता असे परंपरेने सांगितले जाते, आणि इंग्लंडमध्ये त्याला तयार करणारा बिल रिचमंड हाही अमेरिकेत जन्मलेला कृष्णवर्णीय मुष्टियोद्धाच होता. ससेक्समधील माळावर १८ डिसेंबर १८१० रोजी कडाक्याच्या थंडीत झालेल्या पहिल्या लढतीत क्रिब हरण्याच्या बेतात आला होता. गर्दी रिंगणात घुसली, क्रिबला सावरायला वेळ मिळाला आणि अखेर तोच जिंकला, म्हणून मॉलिनोवर अन्याय झाल्याचा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे. दुसरी लढत २८ सप्टेंबर १८११ रोजी थिसलटन गॅप येथे झाली. कॅप्टन बार्कलेच्या देखरेखीखाली कठोर सराव करून आलेल्या क्रिबने ती अकरा फेऱ्यांत निर्विवाद जिंकली. इंग्रज राष्ट्राभिमान क्रिबच्या बाजूला असतानाही ईगनने मॉलिनोच्या धैर्याची आणि कौशल्याची नोंद केली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण पहिल्या लढतीत नेमके काय घडले याविषयी आज जी चर्चा होऊ शकते, ती अशा नोंदींमुळेच. पंचाचा निर्णय कायम राहिला तरी छापील साक्षीने त्या निर्णयावर फेरविचाराची सोय करून ठेवली.

ईगनने लढत वाचकापर्यंत नेली, तर विल्यम हॅझलिटने वाचकालाच लढतीपर्यंत नेले. ‘न्यू मंथली मॅगझिन’च्या फेब्रुवारी १८२२च्या अंकात आलेल्या ‘द फाइट’ या निबंधाचा विषय ११ डिसेंबर १८२१ रोजी हंगरफर्डजवळ झालेली बिल नीट आणि टॉम हिकमन यांची लढत हा आहे. नीट हा ब्रिस्टलचा खाटीक आणि हिकमन ‘गॅसमॅन’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, तोंडाने फटकळ असा योद्धा होता. निबंधाचा मोठा भाग लढतीने व्यापलेलाच नाही. ठिकाण कोठे आहे याचा तपास, चुकलेली डाकगाडी, दुसऱ्या गाडीतील सोबत्यांच्या गप्पा, न्यूबरीच्या खाणावळीतील जागरण आणि पहाटे पायी केलेली वाटचाल यांचे वर्णन आधी सविस्तर येते, आणि मग अठरा फेऱ्यांची लढत तुलनेने थोडक्या पानांत आटोपते. बाराव्या फेरीत हिकमन कोसळतो तेव्हा मात्र हॅझलिट ईगनची गमतीची बोली टाकून देतो आणि त्या चेहऱ्यावर मृत्यूची छाया पाहतो. निकाल लागताच कबुतरे सोडली जातात आणि त्यांतील एक विजयाची वार्ता घेऊन नीटच्या पत्नीकडे निघते, हा तपशीलही त्याने टिपला आहे. बातमी कबुतर अधिक लवकर नेते, तेव्हा निबंधकाराने काय न्यावे, या प्रश्नाचे हॅझलिटने दिलेले उत्तर असे की, त्याने लढतीभोवतीचा सारा दिवस न्यावा. त्यानंतर या विषयावर गंभीरपणे लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने या उत्तराचा आधार घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडी आणि तारयंत्र यांनी अंतर कमी केले. १७ एप्रिल १८६० रोजी फार्नबरो येथे टॉम सेयर्स आणि अमेरिकेचा जॉन हीनन यांची लढत झाली तेव्हा लंडनहून खास गाड्या सोडण्यात आल्या होत्या. दोन तासांहून अधिक चाललेली ती लढत गोंधळात थांबली आणि अनिर्णित ठरली. १८६७ मध्ये मार्क्विस ऑफ क्वीन्सबरीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आणि जॉन ग्रॅहम चेंबर्सने लिहिलेल्या नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एका मिनिटाची विश्रांती आणि पडलेल्याला उठण्यासाठी दहा सेकंद ही व्यवस्था आणली. उघड्या मुठींची अखेरची हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात मिसिसिपी राज्यातील रिचबर्ग येथे ८ जुलै १८८९ रोजी पंच्याहत्तर फेऱ्या चालली, आणि १८९२ मध्ये हातमोजे घालून झालेल्या लढतीत सलिव्हनला जेम्स कॉर्बेटने हरवले. नव्या नियमांनी लेखनाचीही घडण बदलली. पूर्वी फेरीचा शेवट पडण्याने होत असल्यामुळे प्रत्येक फेरी ही एक लहान गोष्टच असे. आता घंटा वाजली की हरत असलेला माणूसही वाचे आणि जिंकत असलेल्याला थांबावे लागे. घड्याळ हे तिसरे पात्र रिंगणात आल्याने एका मिनिटाची विश्रांती, कोपऱ्यातील साहाय्यकांची धावपळ आणि पंचाची दहापर्यंतची मोजणी यांना वृत्तान्तात नाट्यमय महत्त्व मिळाले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या लेखनाची सर्वांत मोठी आणि सर्वांत लाजिरवाणी परीक्षा झाली. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवले आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता ठरला. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’साठी रिंगणाजवळ बसलेल्या जॅक लंडनने लढत किती एकतर्फी होती हे स्पष्ट लिहिले, परंतु त्याच वृत्तान्तात निवृत्त अपराजित विजेता जेम्स जेफ्रीझ याने परत येऊन गोऱ्यांची लाज राखावी, असे आवाहनही केले. ज्याच्याकडून वर्णाभिमान्यांना ही अपेक्षा होती अशा योद्ध्याला ‘ग्रेट व्हाइट होप’, म्हणजे गोऱ्या लोकांची थोर आशा, असे नाव पडले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॉन्सनने जेफ्रीझला पंधराव्या फेरीत नमवले. अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली, लढतीच्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली आणि १९१२ मध्ये असे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकन संसदेने केला. हलते चित्र तयार असूनही ते पाहू दिले गेले नाही, म्हणून वृत्तपत्रांतील वर्णनच पुन्हा प्रमुख साधन उरले. लंडनचे रीनोहून आलेले लेख या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत : त्याचे पूर्वग्रह एकीकडे ओढतात, डोळ्यांना दिसणारे कौशल्य दुसरीकडे ओढते, आणि अखेर जॉन्सनच्या श्रेष्ठत्वाची कबुली त्याला द्यावी लागते. याच लेखकाने १९०९ मध्ये ‘अ पीस ऑफ स्टेक’ या कथेत पोटभर खायला न मिळाल्याने हरणारा वयस्क मुष्टियोद्धा रंगवला होता. तिथे वंशाचा अभिमान नसल्याने त्याची दृष्टी अधिक निर्मळ आहे.

प्रथम महायुद्धानंतर टेक्स रिकर्ड या आयोजकाने लढतीला प्रचंड जनोत्सवाचे रूप दिले. २ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटीत जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा युद्धवीर जॉर्ज कार्पान्तिए यांच्या लढतीने तिकीटविक्रीत प्रथमच दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, आणि तिचे वर्णन नभोवाणीवरूनही प्रसारित झाले. निकाल आता वृत्तपत्राच्या आधी लोकांच्या कानी पडू लागला. हेवूड ब्राउन याने त्या लढतीवर लिहिताना जिंकलेल्या डेम्प्सीला मागे ठेवले आणि चौथ्या फेरीत कोसळलेल्या कार्पान्तिएच्या पराभवात शोकांतिकेचे सौंदर्य शोधले. नभोवाणीने विजेता आधीच जाहीर केल्यावर पराभूताकडे वळणे हा लेखकाला मोकळा असलेला मार्ग होता. पॉल गॅलिको या तरुण वार्ताहराने आणखी एक मार्ग काढला. १९२३ मध्ये लुईस फिर्पोशी होणाऱ्या लढतीसाठी डेम्प्सी सराव करत असताना गॅलिको स्वतः त्याच्यासमोर उतरला, काही क्षणांतच आडवा झाला आणि जगज्जेत्याचा ठोसा म्हणजे काय हे त्याने अनुभवाच्या अधिकाराने लिहिले. याच काळात नॅट फ्लायशर याने १९२२ मध्ये ‘द रिंग’ हे मासिक सुरू केले. विक्रमांच्या नोंदी आणि योद्ध्यांची क्रमवारी यांमुळे ते या खेळाचे दप्तरच बनले.

या भरभराटीला काळी बाजूही होती. आयोजकांकडून पैसे घेऊन अनुकूल मजकूर छापणारे वार्ताहर त्या धंद्यात सर्वांना ठाऊक होते, आणि ठरवून जिंकवलेल्या योद्ध्याला खरा वीर बनवण्याचे काम बरेचदा लेखणीनेच केले. बड शुल्बर्ग याची १९४७ची ‘द हार्डर दे फॉल’ ही कादंबरी इटालियन योद्धा प्रिमो कार्नेरा याच्या कारकिर्दीवरून सुचलेली आहे, आणि तिचा निवेदक प्रसिद्धीचे काम करणारा, शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मुष्टियुद्धाच्या लेखनाने स्वतःच्या अप्रामाणिकपणावर चालवलेला तो एक प्रकारचा खटला आहे.

जो लुई आणि जर्मनीचा माक्स श्मेलिंग यांची दुसरी लढत २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाली आणि अवघ्या १२४ सेकंदांत संपली. १९३६ मध्ये श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत हरवले होते, नाझी राजवटीने त्या विजयाचा गाजावाजा केला होता, त्यामुळे या लढतीचा अर्थ दोन माणसांपुरता उरला नव्हता. नभोवाणीवर जगभर ऐकल्या गेलेल्या दोन मिनिटांच्या घटनेवर लेखकाने काय लिहावे? रिचर्ड राइटने याचे उत्तर आधीच शोधून ठेवले होते. १९३५ मध्ये लुईने माक्स बेअरला हरवल्यानंतर त्याने ‘न्यू मासेस’ या नियतकालिकात शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्तीत उसळलेल्या आनंदाचे वर्णन केले. १९३८ मध्येही त्याचे लक्ष हार्लेमच्या रस्त्यांवर होते. ज्यांना एरवी मान वर करून चालण्याची मुभा नाही, त्यांना एका ठोशाने रात्रभर रस्त्यावर नाचण्याचे बळ दिले, ही घटना रिंगणाच्या दोरांबाहेरची होती आणि ध्वनिक्षेपक तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

दूरचित्रवाणी आल्यावर लेखनाचे काम संपले, असे वाटावे अशी परिस्थिती निर्माण झाली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५०च्या दशकात अमेरिकन घरांत आठवड्यातून अनेकदा लढती दिसू लागल्या. ‘न्यूयॉर्कर’चा लेखक ए. जे. लीबलिंग याने १९५१ पासून लिहिलेले आणि १९५६ मध्ये ‘द स्वीट सायन्स’ या नावाने एकत्र केलेले लेख हे या आक्रमणाला दिलेले सर्वांत समर्थ उत्तर आहे. शीर्षकातील शब्द त्याने ईगनकडून घेतले आणि ईगनला तो पुनःपुन्हा साक्षीला बोलावतो. त्याची तक्रार भावुक नव्हती. घरबसल्या फुकट लढत दिसू लागल्याने वस्त्यांतील लहान मुष्टियुद्ध-मंडळे ओस पडली, त्यामुळे नवख्या मुलांना सावकाश शिकण्याची जागा उरली नाही आणि अर्धकच्चे योद्धे कॅमेऱ्यासमोर ढकलले जाऊ लागले, असा कारणांचा धागा तो उलगडून दाखवतो. शिवाय आपल्या आसनावरून योद्ध्याला ओरडून सल्ला देण्याचे सुख दूरचित्रवाणीपुढे नाही, हेही तो मिस्कीलपणे नोंदवतो. हॅझलिटप्रमाणे तोही प्रवास, भोजन, टॅक्सीचालकाचे मत आणि स्टिलमन जिममधील जुन्या प्रशिक्षकांची संभाषणे यांना मुक्तपणे जागा देतो. २१ सप्टेंबर १९५५ रोजी रॉकी मार्सियानो आणि आर्ची मूर यांच्यात झालेल्या लढतीत मूरने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले, पण नवव्या फेरीत तो स्वतः बाद झाला. लीबलिंगने या लढतीला कलावंत आणि निसर्गशक्ती यांच्यातील सामन्याचे रूप दिले, आणि मूरची सारी विद्या कशी पुरी पडली नाही, हाच लेखाचा गाभा केला.

लीबलिंग रसिक होता, तर त्याच्या समकालीन डब्ल्यू. सी. हाइन्झने अलंकार टाकून देण्याचा मार्ग धरला. १९४६ मध्ये टोनी झेलशी लढणाऱ्या रॉकी ग्राझियानोवर लिहिताना त्याने लढतीचा दिवस सकाळपासून टिपला, आणि ‘द प्रोफेशनल’ या १९५८च्या कादंबरीत संपूर्ण सराव-छावणी चितारून अखेरची लढत अत्यंत थोडक्यात सांगितली. गे टलीझ याने मार्च १९६४ मध्ये ‘एस्क्वायर’मध्ये लिहिलेला फ्लॉइड पॅटरसनवरील लेख याच दिशेने पुढे जातो. १९६२ आणि १९६३ मध्ये सॉनी लिस्टनकडून दोनदा पहिल्याच फेरीत हरलेला हा माजी विजेता पराभवानंतर खोटी दाढी लावून लोकांसमोरून निसटला होता. त्या लाजेविषयी तो टलीझशी मोकळेपणाने बोलला. बाद होण्याचा अनुभव आतून कसा असतो, क्षणभराच्या सुखद गुंगीनंतर शुद्धीबरोबर अपमान कसा परत येतो, हे कोणत्याही कॅमेऱ्याला दाखवता आले नसते. लिस्टनला गुंड आणि पॅटरसनला सज्जन ठरवून वृत्तपत्रांनी कथा आधीच रचली होती. जेम्स बाल्डविनने दोघांच्या छावण्यांना भेट देऊन ही सोपी विभागणी नाकारली आणि लिस्टनच्या मौनात दुखावलेला माणूस ओळखला.

लिस्टन-पॅटरसन यांच्या पहिल्या लढतीच्याच वर्षी या लेखनासमोर एक प्रश्न कायमचा उभा राहिला. २४ मार्च १९६२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमील ग्रिफिथच्या ठोशांखाली बेनी पारेट बाराव्या फेरीत दोरांना टेकून निश्चल झाला आणि ३ एप्रिलला मरण पावला. लाखो लोकांनी हे दूरचित्रवाणीवर थेट पाहिले होते. रिंगणाजवळ बसलेल्या नॉर्मन मेलरने पुढच्या वर्षीच्या एका दीर्घ लेखात त्या क्षणाचे जे वर्णन केले, त्यात प्रेक्षकांचा आणि स्वतःचाही सहभाग लपवलेला नाही. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या इजेचे वैद्यकीय वर्णन हॅरिसन मार्टलँड याने १९२८ मध्येच प्रसिद्ध केले होते. तरीही पंधरा फेऱ्यांची मर्यादा बारावर आणण्याची चळवळ पुढे १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा डुक कू किम प्राणास मुकल्यानंतरच वेग धरू शकली. आस्वाद की साक्ष, हा ईगनच्या बोलीत दडलेला प्रश्न आता उघडपणे लेखनाचा विषय झाला.

मुहम्मद अलीने लेखकांपुढे निराळेच आव्हान ठेवले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामीत तो कॅशियस क्ले या नावाने लिस्टनसमोर उतरला तेव्हा बहुतेक जाणकारांनी त्याचा पराभव गृहीत धरला होता, इतका की ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या मुख्य मुष्टियुद्ध-वार्ताहराऐवजी रॉबर्ट लिप्साइट या तरुणाला पाठवले. अली स्वतःच यमके जुळवत असे, प्रतिस्पर्धी कोणत्या फेरीत पडेल याचे भाकीत करत असे आणि आपली कथा आपणच सांगत असे. निवेदनाची मक्तेदारी हातची गेल्याने जिमी कॅननसारखे जुने स्तंभलेखक अस्वस्थ झाले, आणि अलीने इस्लाम स्वीकारून नाव बदलल्यावर बरीच वर्षे त्याला जुन्याच नावाने संबोधत राहिले. पुढे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमनविरुद्ध अली दोरांवर रेलून मार सोसत राहिला आणि आठव्या फेरीत त्याने दमलेल्या फोरमनला बाद केले. सारे जग ते पाहत होते, पण फेऱ्यांमागून फेऱ्या जात असताना तो हरतो आहे की डाव टाकतो आहे हे कोणालाच उमगत नव्हते. दिसणे आणि कळणे यांतील हे अंतर मेलरच्या १९७५च्या ‘द फाइट’ या पुस्तकाने भरून काढले, आणि त्यासाठी त्याने स्वतःलाही तृतीय पुरुषात एक चुकणारे, गोंधळणारे पात्र केले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात अलीशी लढणाऱ्या जो फ्रेझरचा प्रशिक्षक एडी फच याने पंधराव्या फेरीआधी लढत थांबवली. त्यानंतर मार्क क्रॅमने लिहिलेल्या वृत्तान्तात फ्रेझर बिछान्यावर पडून आहे, त्याला दिसत नाही आणि तो दिवा लावायला सांगतो आहे, हा प्रसंग लढतीइतकाच महत्त्वाचा ठरला.

जॉइस कॅरल ओट्स हिच्या १९८७च्या ‘ऑन बॉक्सिंग’ या पुस्तकात, वडिलांबरोबर लहानपणी लढती पाहिलेल्या लेखिकेने या परंपरेची जणू तपासणीच केली. मुष्टियुद्ध हे जीवनाचे प्रतीक आहे, हे पुरुष लेखकांनी गिरवलेले वचन ती स्वीकारत नाही. तिच्या मते ते दुसऱ्या कशाचे प्रतीक नसून स्वतःच एक पूर्ण आणि भयंकर वास्तव आहे, आणि पाहणाऱ्याची ओढ व किळस ही दोन्ही त्या वास्तवाचीच अंगे आहेत. डेव्हिड रेमनिकच्या १९९८च्या ‘किंग ऑफ द वर्ल्ड’मध्ये पॅटरसन, लिस्टन आणि अली यांच्याबरोबर त्यांच्यावर लिहिणारे पत्रकारही इतिहासाची पात्रे झाले, म्हणजे वृत्तान्तकारही आता अभ्यासाचा विषय बनला.

या प्रवासात एक क्रम स्पष्ट दिसतो. निकाल कबुतराने नेला तेव्हा निबंधकाराकडे दिवस उरला, नभोवाणीने नेला तेव्हा पराभूत आणि रस्त्यावरची गर्दी उरली, दूरचित्रवाणीने प्रत्येक ठोसा दाखवला तेव्हा पूर्वतयारी, लाज आणि मृत्यूची जबाबदारी उरली. आज कोणत्याही लढतीतील निर्णायक क्षण काही सेकंदांत हातातील दूरध्वनीवर येतो आणि बसलेल्या ठोशांची मोजदाद यंत्राच्या मदतीने होते, त्यामुळे केवळ वर्णनाला पूर्वीपेक्षाही कमी किंमत आहे. परंतु त्या क्षणचित्रात योद्धा गरिबीच्या कोणत्या वळणावरून आला, त्याच्या लढतीचे पैसे कोणी घेतले आणि वीस वर्षांनी त्याला स्वतःचे नाव आठवेल की नाही, हे दिसत नाही. मॉलिनोवर झालेल्या अन्यायाची शंका दोनशे वर्षांनंतरही घेता येते ती कोणीतरी ती लढत काळजीपूर्वक लिहून ठेवली म्हणून, आणि कार्नेराला खोटा वीर बनवणारे शब्द विस्मरणात गेले ते त्यांनी हा हिशेब मांडलाच नाही म्हणून. मुष्टियुद्धावरील चांगल्या लेखनाची कसोटीही याच फरकात सापडते : लढतीचा थरार त्याने नाकारावा अशी अपेक्षा नाही, पण तो थरार कोणाच्या शरीराच्या मोलाने मिळाला हे वाचकाला कळल्याशिवाय त्याने लेखणी खाली ठेवू नये.